शांतचित्त आघाडीची मौनभेट

डोळे मिटून बसलेल्या माणसानं वेळेआधी डोळे उघडू नयेत, एवढं साधं पथ्य मला पाळता आलं नाही आणि त्यातून एका राजकीय पक्षाला उमेदवार मिळाला. आमचा ध्यानवर्ग तेव्हा मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर भरायचा. खाली कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्यात पोरं शड्डू ठोकायची आणि वर आम्ही दहा-बारा संसारी माणसं श्वासाच्या मागं लागलेलो असायचो. वर्ग घेणारे सर हायस्कुलातून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. त्या सकाळी ते म्हणाले, “आज मनात एकच प्रश्न ठेवून बसा. आपल्या नव्या पक्षाकडून निवडणुकीला उभं कोण राहणार? ज्याला आतून उत्तर येईल त्यानं डोळे उघडावेत.” माझ्या आतून काहीही आलं नव्हतं. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं माल न्यायला टेम्पो येणार होता, म्हणून भिंतीवरचं घड्याळ बघायला मी एक डोळा उघडला. दुसरा अगदी प्रामाणिकपणे मिटलेला होता. घड्याळाच्या बरोबर खाली सर बसले होते आणि माझ्याकडं बघून प्रसन्न हसत होते. घंटा होईपर्यंत मौन सोडायचं नाही हा नियम. मी मान हलवली, हातानं नको-नको केलं, घड्याळाकडं बोट दाखवलं. सरांना वाटलं, मी सांगतोय की आता वेळ आली आहे. घंटा झाली तेव्हा बाकीच्यांनी डोळे उघडून टाळ्या वाजवल्या.

खरं सांगायचं तर मी ध्यानाकडं वळलो तो काही देवाच्या ओढीनं नव्हे. नव्वदीच्या दशकात धंदा वाढला तसा रक्तदाबही वाढला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा आणि राग कमी करा. मीठ बायकोनं त्याच दिवशी कमी केलं. राग माझ्याकडं राहिला. माझं डोकं म्हणजे बटण बंद केलं तरी बराच वेळ फिरत राहणारा लेथ. जेवताना वर्कशॉप आठवायचं आणि वर्कशॉपमध्ये जेवण. कुणीतरी तालमीच्या माडीचा पत्ता दिला, गेलो, बसलो. काही वर्षं बसलो. फार मोठं काही झालं नाही, पण महिन्या-दोन महिन्यांतून एखादा क्षण असा यायचा की आतलं चाक थांबल्यासारखं वाटायचं. त्या एका क्षणाच्या आशेवर मी रोज पहाटे चहा न घेता घराबाहेर पडत होतो, यावरून त्या क्षणाची किंमत कळावी.

पक्षाची कल्पना सरांची. परदेशात कुठंतरी ध्यान करणाऱ्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढून निवडणुका लढवल्या, असं त्यांनी वाचलं होतं. आमच्याकडं तर महापालिकेची निवडणूक म्हणजे तालीम विरुद्ध तालीम, गल्ली विरुद्ध गल्ली. जेवणावळी, रात्रंदिवस कर्णे, आणि निकालानंतर एकमेकांच्या दारात फटाके. सरांचं म्हणणं साधं होतं. चार माणसं मनापासून शांत बसली तर गल्ली शांत होते. मग अशी माणसं सभागृहात का नकोत? वर्गानंतरच्या चहावर हे बोलणं सुरू झालं आणि चहा संपायच्या आत ‘शांतचित्त नागरी आघाडी’ असं नाव ठरलं. गल्लीतली पोरं आम्हाला ‘झोपलेली आघाडी’ म्हणायची. त्यात भर म्हणजे चिन्हं वाटताना आमच्या वाट्याला शिट्टी आली. मौनाचा पक्ष आणि चिन्ह शिट्टी! मला तेव्हाच शंका आली होती की परमेश्वर आमच्याकडं बघून हसतोय. पण शंका घेणं हा मनाचा खेळ आहे असं सर म्हणायचे, म्हणून मी शंकेवरही शंका घेतली.

आता खरी अडचण. आमच्याच वॉर्डात एका मोठ्या आघाडीकडून माझे मेव्हणे उभे होते. माझ्या बायकोचे थोरले भाऊ, सगळे त्यांना आबा म्हणतात. आमच्या घरापासून त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं. माझ्या सासूबाई तिथंच असतात. उमेदवारीची बातमी घरी सांगितली तेव्हा ही चकलीची भाजणी चाळत होती.

“दादाच्या विरोधात?” तिनं विचारलं.

“विरोधात कुणाच्याच नाही. शांततेच्या बाजूनं.”

“मग यंदा भाऊबीजेला ओवाळायला शांततेला बोलवू व्हय?”

मी काही बोललो नाही. ते मौन मात्र ध्यानाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांचा निरोप आला. “दाजींना म्हणावं, उभं ऱ्हायचं तर खुशाल ऱ्हावा. पर मग माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई, आन मीबी भाऊबीजेला येणार न्हाई.” निरोप मला होता, पण लागला हिला. ही रोज दुपारी माहेरी एक चक्कर टाकायची, ती बंद झाली. दोन गल्ल्यांवर आई, आणि ही खिडकीत उभी राहून त्या दिशेनं बघायची. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नीट जेवायला वाढायची, नीट बोलायची, आणि मला घास उतरत नव्हता.

तिथून पुढं माझ्या जिवाची जी तगमग सुरू झाली ती सांगायची सोय नाही. मी शांततेचा उमेदवार आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता. डोळे मिटले की आबांची कर्णा लावलेली जीप दिसायची. डोळे उघडले की ती खरंच समोरून जायची. सरांना म्हटलं, मला माघार घेऊ द्या. ते म्हणाले, “हे तुम्ही बोलत नाही, तुमचं मन पळतंय. बसा थोडं.” मी बसलो. घरी आलो की वाटायचं उद्या सकाळीच माघार घ्यायची, आणि सकाळी माडीवर गेलो की वाटायचं, एवढ्या भल्या माणसांना तोंडघशी कसं पाडायचं? शेवटी माघारीची मुदत मी विचार करण्यात घालवली.

प्रचाराची आमची पद्धत वेगळी होती. भाषण नाही, घोषणा नाही, पत्रक नाही. तिचं नाव मौनभेट. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोक्यावर पांढरी टोपी घालून आम्ही सात-आठ जण मतदाराच्या दारात जायचो, कट्ट्यावर खाली मान घालून डोळे मिटून बसायचो, सरांनी छोटी घंटा वाजवली की नमस्कार करून निघायचो. पहिल्याच गल्लीत एका म्हातारीनं आम्हाला बघितल्याबरोबर डोक्यावर पदर घेतला आणि डोळ्याला लावला. दुसऱ्या घरी चहा टाकलेला असूनही कुणी विचारला नाही. एके ठिकाणी तर शेजारचे लोक एकेक करून येऊन आमच्या मागं गप्प बसले. सर भारावून म्हणाले, “बघा, शब्दांशिवाय पोचतंय.” आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपल्याकडं पांढरे कपडे घालून, खाली मान घालून, न बोलता दारात बसणारी माणसं कशासाठी आलेली असतात. मयताच्या घरी बसायला गेल्यावर दुसरं काय करतो आपण? जन्म कोल्हापुरात गेला, कित्येक घरी असं बसून आलो, पण ध्यानाच्या तारेत हे साधं सुचलं नाही.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. सकाळी मी अंबाबाईच्या देवळात गेलो. दर्शनाला गर्दी. मी मनात म्हणालो, आई, एक तर मला यातून सोडव नाहीतर यात नीट बसव, पण हे मधलं लोंबकळणं आता बंद कर. हात जोडून काहीतरी संकेत मिळेल म्हणून वाट बघत उभा राहिलो. मागून आवाज आला, “पावणं, फुडं सरका की!” तेवढाच काय तो संकेत घेऊन बाहेर पडलो.

माडीवर आलो तर सर म्हणाले, “आज दुपारी आबांच्या दारात मौनभेट.” मी सांगून बघितलं की तिथं पाय ठेवायची मला बंदी आहे. सर म्हणाले, “जिथं जायला मन कचरतं, तिथंच शांतता न्यायची असते.” मी टोपी घातली आणि गेलो.

आबांच्या घरी सामसूम होती. आबा जीप घेऊन प्रचाराला, वहिनी बायकांच्या घोळक्याबरोबर हळदीकुंकवाला, मुलं चिन्हाच्या टोप्या घालून चौकात. दार नुसतं लोटलेलं. खिडकीतून बघितलं तर सासूबाई भिंतीकडं तोंड करून कॉटवर पडल्या होत्या. मला वाटलं, दुपारची डुलकी लागली असेल. झोपू दे म्हटलं, आणि आम्ही कट्ट्यावर बसलो. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून मी मान जरा जास्तच खाली घातली. वेळेआधी डोळे उघडल्याचा प्रताप अंगाशी आला होताच. या खेपेला काही झालं तरी घंटेआधी डोळे उघडायचे नाहीत, असा मी निश्चय केला होता. माझे निश्चय नको तिथं फार पक्के असतात.

थोड्या वेळानं कुजबुज ऐकू आली.

“अगं बाई, कवा झालं?”

“सकाळी तर दारात बसली हुती की.”

“जावई बघ की. मान वर करंना.”

मी मान आणखी खाली घातली. कुणीतरी हुंदका दिला. मग दुसरं कुणीतरी. लाजत सांगतो, त्या क्षणी मला इतक्या वर्षांत आला नव्हता असा आनंद झाला. वाटलं, आपल्या बसण्यात खरंच काहीतरी आहे. माणसांची हृदयं हलत आहेत, आबांच्याच दारात हलत आहेत. रडणं वाढलं तसा माझा श्वास संथ झाला. आणि त्या सगळ्यातून एक हंबरडा आला, “आई गंऽऽ!” तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी डोळे उघडले.

गल्ली माणसांनी भरली होती. कुणीतरी पळत जाऊन आमच्या घरी सांगितलं होतं की तुझ्या आईच्या दारात पांढरी कापडं बसल्यात. ही चकलीच्या पिठानं भरलेल्या हातांनी, अनवाणी धावत आली होती. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही, दार ढकलून आत गेली. मी मागोमाग “अगं, काही झालेलं नाही, झोपल्यात त्या” म्हणत शिरलो. ही आईला हलवत होती, हाका मारत होती, आणि सासूबाई उठत नव्हत्या. तेवढ्यात आबांची जीप आली. आबा “आये!” म्हणत आत आले आणि बहीण-भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. शेजारणी तुळशीचं पान आणि गंगेच्या पाण्याची वाटी घेऊन पुढं झाल्या. सासूबाईंचं तोंड उघडून पाणी घालायचं, एवढंच बाकी होतं.

“थांबा की जरा,” दारातून कुणीतरी म्हणालं.

पन्नाशीची एक बाई होती. काष्ट्याचं लुगडं, हातात एसटीनं आलेल्या माणसाची फुगलेली पिशवी. मयत दिसलं म्हणून वाटेत थांबलेली असावी. ती सरळ आत आली, सासूबाईंच्या कपाळाला, मानेला हात लावला. “अंग घामानं भिजलंय की. गेलेल्या माणसाला घाम येतोय व्हय?” मग आबांकडं वळून, “साखरेच्या आजाराची गोळी घेत्यात का?”

“व्हय,” आबा म्हणाले.

“आन जेवल्यात का?”

आबांनी हिच्याकडं बघितलं, हिनं माझ्याकडं.

“आमच्या मालकांचं असंच हुतंय. गोळी पोटात आन अन्न न्हाई. पाणी घालू नगा तोंडात, ठसका लागंल. साखर आणा.” हिनं डबा आणला. त्या बाईनं सासूबाईंना कुशीवर वळवलं, साखर बोटावर घेतली आणि गालाच्या आतून हळूहळू चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. ‘आई अंबाबाई’ एवढंच मला म्हणता येत होतं, तेही ओठांतल्या ओठांत. कितीतरी वेळानं सासूबाईंच्या पापण्या हलल्या. बाई म्हणाली, “आता दवाखान्यात हलवा. बसू नगा हितं.”

आम्ही त्यांना उचलून आबांच्या जीपमध्ये घातलं. पुढं आबा, मागं ही आईचं डोकं मांडीवर घेऊन, आणि मी पाय धरून. कर्णा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. आबांना प्रचंड मतांनी विजयी करा असं ओरडत ती जीप विरोधी उमेदवाराला घेऊन शहरातून गेली.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. सासूबाईंनी नीट डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य होतं, “आबा, जेवलास का रं?” प्रचारातून पोरगा येईल, मग बरोबरच जेवू, म्हणून त्या गोळी घेऊन ताटाविना वाट बघत पडल्या होत्या. एरवी त्या वेळेला ही तिथं असायची आणि दटावून दोन घास खायला लावायची. ते बंद कशामुळं झालं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बाहेरच्या बाकड्यावर आबा आणि मी शेजारी शेजारी बसलो. आबा म्हणाले, “दाजी, तुमी आज दारात बसला नसता तर मी सांजच्यालाच घरी आलो असतो.” एवढंच. आणि तिथं, फिनेलच्या वासात, ट्रॉल्यांच्या खडखडाटात, माझ्या आतलं चाक थांबलं. मी ध्यानाला बसलो नव्हतो. श्वासाकडं लक्ष नव्हतं, पाठ ताठ नव्हती, टोपी कुठं पडली होती तेही माहीत नव्हतं. नुसता बसलो होतो, कारण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या शांततेच्या मागं मी धावलो, ती माझा धावायचा दम संपल्यावर आपणहून शेजारी येऊन बसली. फार वेळ राहिली नाही. पण येऊन गेली.

त्या बाईचं नाव कुणी विचारलं नव्हतं. एका शेजारणीला तेवढं आठवत होतं की ती चंदगडकडची आहे असं म्हणाली होती. आबांनी सगळी गल्ली पालथी घातली. कुणाकडंही अशी पावणी आलेली नव्हती. पत्ता चुकून आली असेल, पलीकडच्या गल्लीत कुणाची बहीण असेल. असणारच. मी त्यावर वाद घालत नाही. देवळात मी संकेत मागत उभा होतो, तेव्हा तिची एसटी बहुतेक घाटातून खाली उतरत असेल, एवढंच मला अधूनमधून वाटून जातं.

भाऊबीज दवाखान्यातच झाली. वॉर्डात निरांजन लावायला परवानगी नव्हती, म्हणून हिनं आबांना सुपारीनं ओवाळलं आणि सासूबाईंनी कॉटवरून दोघांवर अक्षता टाकल्या. त्यानंतर आबा किंवा मी, दोघांपैकी कुणीच प्रचाराला गेलं नाही. जो तिसराच उमेदवार कुणाच्या हिशेबात नव्हता तो निवडून आला. आबा थोडक्यात पडले, मी भरपूर. सरांनी पुढं पांढरे कपडे आणि मौनभेटी बंद केल्या. ते मोकळेपणानं म्हणाले, “आपलं गणित बरोबर होतं, पण गल्ली कुठली हे बघायचं राहिलं.” आघाडीनं आणखी एक निवडणूक लढवली, मग ती हळूहळू विरून गेली. वर्ग मात्र चालू राहिला. मीही जात राहिलो, पण आता घड्याळाच्या खालीच बसतो.

नंतर कितीतरी दिवस हे सगळं माझ्या मनात घोळत होतं. मला नको असलेली उमेदवारी, नको असलेलं दार, आमचं येड्यासारखं बसणं, लोकांचा गैरसमज, आणि नेमकी त्याच वेळी तिथून जाणारी ती बाई. यातलं एकही मी ठरवलेलं नव्हतं, आणि जे जे ठरवलं होतं त्यातलं एकही झालं नाही. आपण हात जोडून मागतो तेव्हा देणाऱ्याचे हात आधीच कामाला लागलेले असतात, आपण फक्त मधून बाजूला व्हायचं असतं, असं काहीसं मला उमगल्यासारखं झालं. एका संध्याकाळी, माहेरी आईला जेवू घालून ही परत आली तेव्हा, मी तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, देवानं केवढी योजना केली बघ.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. चपला कोपऱ्यात सरकवल्या आणि म्हणाली, “केली की. पर फुडच्या इलेक्शनला तुमी आन दादा, दोघंबी घरात बसा आन आईला येळेवर जेवायला वाढा. म्हणजे देवाला चंदगडासनं माणूस धाडायला लागायचं न्हाई.”